क्विल्टकाम आणि शिवणयंत्र : अमेरिकेतील क्विल्टकार स्त्रियांच्या आवडत्या यंत्रांचा एक अभ्यास

प्रस्तावना

शिवणयंत्राचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने दोन अंगांनी होत आलेला आहे. शिंप्याच्या व्यवसायाचे साधन हे त्याचे एक अंग, तर गरजू स्त्रीला घरबसल्या उपजीविका मिळवून देणारे साधन हे दुसरे. यंत्र चालविणाऱ्या व्यक्तीला एखादे विशिष्ट यंत्रच का आवडते, ती ते पिढ्यान्‌पिढ्या का जपते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. अमेरिकेतील क्विल्ट करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही. शेकडो प्रकारची नक्षी घालणारी संगणकीकृत यंत्रे दुकानात उपलब्ध असताना यांपैकी कित्येक जणी १९३० ते १९६० या दशकांत तयार झालेले, केवळ सरळ टीप घालणारे, काळ्या रंगाचे एक लहानसे सिंगर यंत्र शोधून विकत घेतात, त्याला स्वतः तेल घालतात आणि वर्गाला जाताना हातात घेऊन जातात. प्रस्तुत लेखात या आवडीमागील तांत्रिक व सामाजिक कारणांचा परामर्श घेतला आहे. ही आवड निव्वळ जुन्या वस्तूंच्या ओढीतून निर्माण झालेली नसून ती क्विल्टकामाच्या रचनेतूनच आलेली आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

क्विल्टची घडण आणि आपली गोधडी

क्विल्ट म्हणजे तीन थरांचे पांघरूण. वरचा नक्षीचा थर, मधला कापसाचा वा लोकरीचा पातळ थर आणि खालचे अस्तर. मराठी वाचकाला गोधडी व वाकळ परिचयाची असल्याने हे सांगणे पुरेसे वाटेल. परंतु दोहोंत एक मूलभूत भेद आहे आणि पुढील सर्व विवेचन त्या भेदावरच आधारलेले आहे. पारंपरिक गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर अंथरले जातात, त्यांवर कापडाचे तुकडे मांडले जातात आणि धावदोऱ्याचा एकच टाका तुकडेही जोडतो व थरही एकत्र धरतो. तुकडा बसविणे आणि गोधडी शिवणे ही तेथे दोन कामे नाहीत.

अमेरिकी तुकडेजोड क्विल्टमध्ये मात्र ही दोन स्वतंत्र कामे आहेत. प्रथम तुकडे एकमेकांना कडेने शिवून वरचा संपूर्ण थर तयार केला जातो. यास इंग्रजीत पीसिंग म्हणतात. येथे त्यास जोडकाम म्हटले आहे. त्यानंतर तिन्ही थर एकावर एक ठेवून त्यांतून आरपार टाके घातले जातात. हे खरे क्विल्टिंग. येथे त्यास थरशिवण असे म्हटले आहे. जोडकामात कापडाचे लहान, हलके तुकडे हाताळावयाचे असतात, तर थरशिवणीत अंथरुणाएवढा जाड पसारा. एकाच यंत्राने दोन्ही कामे सारख्याच सफाईने करावीत ही अपेक्षा बहुधा पूर्ण होत नाही. म्हणूनच क्विल्टकार स्त्रीच्या घरी अनेकदा एकाहून अधिक यंत्रे असतात. बाहेरच्या माणसाला ती हौस वाटते. वस्तुतः ती कामाची गरज आहे.

यंत्राचा घरात प्रवेश

एलियास हाऊ यांना १८४६ साली आणि आयझॅक मेरिट सिंगर यांना १८५१ साली शिवणयंत्राचे पेटंट मिळाले. टोकाशी भोक असलेली सुई आणि खालून येणारा दुसरा धागा यांच्या साहाय्याने पडणारी गुंतवणीची टीप हा या यंत्राचा गाभा. ॲलन विल्सन यांनी १८५० च्या दशकात कापड आपोआप पुढे सरकविणाऱ्या दात्यांची रचना सिद्ध केली आणि आज आपण पाहतो ते यंत्र जवळपास पूर्ण झाले. पेटंटांवरून कंपन्यांमध्ये बरेच खटले झाले. १८५६ मध्ये प्रमुख कंपन्यांनी आपली पेटंटे एकत्र करून त्यावर तोडगा काढला. त्याच वर्षी सिंगर यांचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी हप्त्यांवर यंत्र देण्याची पद्धत सुरू केली. शंभर डॉलरच्या घरातील वस्तू सामान्य कुटुंबात पोहोचली ती या पद्धतीमुळे.

क्विल्टच्या इतिहासाच्या दृष्टीने यानंतरची एक बाब विशेष लक्षणीय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील काही क्विल्टवर यंत्राची टीप मुद्दाम दिसेल अशा रीतीने, कापडाहून वेगळ्या रंगाच्या धाग्याने घातलेली आढळते. घरात यंत्र आहे हे दाखविण्यासारखे होते. ते प्रतिष्ठेचे लक्षण होते. हाताचा टाका श्रेष्ठ आणि यंत्राचा कनिष्ठ ही समजूत त्या स्त्रियांना ठाऊक असल्याचे दिसत नाही. ती पुढे विसाव्या शतकात, पूर्वजांच्या हस्तकलेचे गोडवे गायले जाऊ लागल्यावर दृढ झाली. आजीने सर्व काही हाताने शिवले असे सांगणाऱ्या कुटुंबातील क्विल्ट उलटून पाहिल्यास जोडकामाच्या शिवणी यंत्राच्या निघाव्यात, असे अनेकदा घडते.

पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यातील आमिश समाजाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. सार्वजनिक वीजवाहिनीपासून दूर राहणाऱ्या या समाजातील स्त्रियांनी जोडकामासाठी पायमशीन आनंदाने स्वीकारले. थरशिवण मात्र चौकटीभोवती एकत्र बसून हातानेच केली. आमिश क्विल्टचे गडद रंगाचे मोठे चौरस कलासमीक्षकांनी पुढे फार वाखाणले. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात १९७१ साली भरलेल्या प्रदर्शनात अमेरिकी क्विल्ट चित्रांप्रमाणे भिंतीवर टांगून दाखविले गेले. यंत्राला कामाच्या एका अर्ध्या भागात प्रवेश आणि दुसऱ्या अर्ध्या भागात मज्जाव, ही विभागणी बराच काळ अमेरिकेतील सर्वसाधारण क्विल्टकारांतही टिकून होती.

पाव इंचाची माया

जोडकामात यंत्राकडून नेमके काय हवे असते, हे समजून घेतल्याशिवाय आवडीनिवडीचा उलगडा होत नाही. कपडे शिवताना शिंपी भरपूर माया सोडतो; पुढे कपडा सैल करण्याची सोय त्यात असते. क्विल्टच्या तुकड्यांना सर्व बाजूंनी केवळ पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर माया असते, आणि ती काटेकोर पाव इंचच असावी लागते.

याचे गणित सोपे परंतु निर्दय आहे. तयार झाल्यावर २ इंचांचे दिसणारे ८ चौरस एका ओळीत जोडावयाचे आहेत, असे समजू. प्रत्येक चौरस अडीच इंचांचा कापला जाईल आणि ओळीत ७ शिवणी येतील. टीप प्रत्येक वेळी केवळ १/३२ इंच, म्हणजे एक मिलिमीटरहूनही कमी, आत पडली तर प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांचे मिळून १/१६ इंच कापड जादा खर्ची पडते. सात शिवणींत ते ७/१६ इंच होते. त्याच ओळीशेजारी तयार झाल्यावर ४ इंचांचे दिसणारे ४ चौरस जोडलेली ओळ यावयाची असेल, तर तेथे शिवणी तीनच असल्याने तूट ३/१६ इंच येईल. दोन ओळींच्या लांबीत पाव इंचाचा फरक पडला आणि कोपरे जुळले नाहीत. शंभराहून अधिक तुकड्यांच्या क्विल्टमध्ये अशा चुकीचे काय होत असेल, याची कल्पना करता येईल. शिवाय शिवण एका बाजूला मोडून इस्त्री केल्यावर घडीतच थोडे कापड जाते. त्यामुळे अनुभवी स्त्रिया टीप पाव इंचाहून एक-दोन धागे कमीच धरतात.

अशा कामात सरळ टिपेच्या जुन्या यंत्राचा एक गुण उपयोगी पडतो. त्याच्या सुईखालच्या पट्टीला सुईपुरतेच एक बारीक गोल भोक असते. आडवी-तिडवी, म्हणजे झिगझॅग टीप घालणाऱ्या यंत्रात सुई डावी-उजवीकडे हलत असल्याने त्या जागी रुंद खाच ठेवावी लागते. तुकड्याचे निमुळते टोक सुईखाली आले की ते त्या खाचेत ओढले जाऊन गुंतते. बारीक भोकाच्या पट्टीवर कापडाला सुईच्या चहूबाजूंनी आधार मिळतो, टोक गुंतत नाही आणि टीप सरळ रेषेत पडते. क्विल्टकार स्त्रियांच्या मागणीमुळे आधुनिक झिगझॅग यंत्रांसाठीही एकभोकी पट्टी स्वतंत्रपणे मिळू लागली, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

यात १९७९ पासून आणखी एका साधनाची भर पडली. जपानच्या ओल्फा कंपनीने त्या वर्षी फिरत्या गोल पात्याचा कापणीचाकू बाजारात आणला. पट्टी धरून कापडाचे अनेक थर एकदम आणि अचूक कापता येऊ लागले. कात्रीने कापलेल्या तुकड्यातील चूक आणि यंत्राच्या टिपेतील चूक पूर्वी एकमेकींत मिसळून जात. आता कापणी निर्दोष झाल्याने टिपेचा दोष उघडा पडू लागला. चांगल्या यंत्राची निकड त्यामुळे वाढलीच.

सिंगर २२१ : एक लहान यंत्र

क्विल्टकार स्त्रियांच्या प्रेमास सर्वाधिक पात्र ठरलेले यंत्र म्हणजे सिंगर कंपनीचे २२१ क्रमांकाचे ‘फेदरवेट’. शिकागो येथील १९३३ च्या ‘शतकाची प्रगती’ या जागतिक प्रदर्शनात ते लोकांपुढे आले आणि १९६० च्या दशकापर्यंत त्याचे उत्पादन होत राहिले. न्यू जर्सीतील एलिझाबेथ आणि स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील कारखान्यांत ते तयार होई. ओतीव लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमचा सांगाडा वापरल्याने त्याचे वजन सुमारे ११ पौंड, म्हणजे ५ किलोच्या आसपास भरते. त्या काळातील पूर्ण आकाराचे विजेचे यंत्र पेटीसह उचलणे एका व्यक्तीला जड जात असे. फेदरवेटच्या पाटाचा डावीकडील भाग बिजागरीवर वर दुमडला जातो आणि सर्व यंत्र एका लहान काळ्या पेटीत मावते.

मूळ हेतू पाहता हे यंत्र क्विल्टकारांसाठी बनविलेले नव्हते. ज्यांच्या घरी यंत्राला कायमची जागा नाही, अशांसाठी ते होते. महामंदीच्या काळात ते बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धात कंपनीचे अमेरिकेतील कारखाने युद्धसामग्रीकडे वळल्याने यंत्रांचे घरगुती उत्पादन थांबले आणि युद्धानंतर पुन्हा सुरू झाले. पुढे झिगझॅग यंत्रे आली, तयार कपडे स्वस्त झाले, आणि लाखोंच्या संख्येने विकले गेलेले हे यंत्र कपाटांतून व माळ्यांवर जाऊन बसले. १९७० च्या दशकात, विशेषतः १९७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने, क्विल्टकामाला नवे भरते आले. गावोगावी वर्ग व मंडळे निघाली. वर्गाला यंत्र घेऊन जावे लागते. आणि तेथे या पाच किलोंच्या यंत्राचा जणू पुनर्जन्म झाला.

वजनाने त्याला वर्गात आणले, टिपेने मात्र तेथे टिकवून ठेवले. त्याच्या बॉबिनभोवतीचा हूक मागे-पुढे न हलता एकाच दिशेने पूर्ण फिरतो. त्यामुळे कंप कमी, आवाज मंद आणि टीप एकसारखी. पट्टीला एकच भोक. चाल बेताची असल्याने तुकड्याच्या अखेरच्या टाक्यापर्यंत हात नियंत्रण ठेवू शकतो. एका तुकड्यांच्या जोडीमागून दुसरी, धागा न तोडता सलग सुईखाली सोडत जाण्याची क्विल्टकारांची जी पद्धत आहे, तिला ही शांत, समान चाल फार मानवते.

त्याचे दोषही नोंदविले पाहिजेत. सुरुवातीच्या दोन-तीन टाक्यांना धाग्याची टोके धरून ठेवली नाहीत, तर धागा हुकात जाऊन अडकतो आणि यंत्र जाम होते. सुईच्या उजवीकडील मोकळी जागा जेमतेम पाच इंचांच्या आसपास आहे. क्विल्टचा गुंडाळलेला पसारा तेथून नेणे म्हणजे सुईच्या नाकातून उंट नेण्यासारखेच. कापड सरकविणारे दाते खाली घेण्याची सोय २२१ मध्ये नाही. ती त्याच्या स्कॉटलंडमध्ये तयार झालेल्या २२२ या भावंडात आहे, आणि म्हणूनच ते दुर्मिळ भावंड अधिक किमतीला जाते. जाड थरशिवणीसाठी फेदरवेट योग्य नाही, हे त्याच्या चाहत्याही मान्य करतात.

या यंत्राशी असलेले नाते आणखी एका कारणाने घट्ट झाले आहे. ते उघडता येते. त्याची माहितीपुस्तिका तेल कोठे घालावे, वंगण कोठे लावावे, हूक कसा साफ करावा हे घरातील स्त्रीला उद्देशून सांगते. कारागिराकडे नेण्याचा सल्ला क्वचितच येतो. संगणकीकृत यंत्राचा मुद्रित परिपथ बिघडला तर मालकिणीला काही करता येत नाही, आणि काही वर्षांनी तो सुटा भाग मिळेलच याची हमी नसते. फेदरवेटचे पट्टे, बॉबिन, दिवे आजही नव्याने बनविले जातात. यंत्राखाली कोरलेल्या क्रमांकावरून कंपनीच्या नोंदवह्यांतील वर्ष शोधता येते. आपल्या यंत्राचे जन्मवर्ष काढणे हा या स्त्रियांचा आवडता उद्योग आहे. ज्या तांत्रिक ज्ञानाला सामान्यतः पुरुषी मानले गेले, ते येथे शिवणाऱ्या स्त्रीच्या हाती आहे. या यंत्रावरील प्रेमात त्याच्या सोनेरी नक्षीपेक्षा या गोष्टीचा वाटा अधिक असावा.

थरशिवण : हात की यंत्र?

ज्या १९३३ च्या प्रदर्शनात फेदरवेट लोकांपुढे आले, त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने सिअर्स कंपनीने राष्ट्रीय क्विल्ट स्पर्धा भरविली होती. सुमारे २४ हजार क्विल्ट आले. पहिले पारितोषिक केंटकी राज्यातील एका महिलेला मिळाले. अत्यंत बारीक हातशिवणीसाठी तो क्विल्ट गौरविला गेला. त्या महिलेने स्वतः त्यात टाकाही घातला नव्हता, ते काम मजुरी देऊन इतर स्त्रियांकडून करून घेतले होते, हे पुढे इतिहासकारांनी उघडकीस आणले. मंदीच्या दिवसांत त्या स्त्रियांना पारितोषिकाचा वाटाही मिळाला नाही. हाताचा टाका म्हणजे आपोआपच प्रामाणिक श्रम, या समजुतीला या घटनेने मोठाच प्रश्न विचारला आहे.

यंत्राच्या थरशिवणीवरील आक्षेप सर्वस्वी निराधार होता, असे मात्र म्हणता येणार नाही. हाताचा धावदोरा तुटक रेषा उमटवितो. टाक्यांमधल्या जागेत कापड फुगते आणि पृष्ठभाग मऊ राहतो. यंत्राची टीप अखंड रेषा देते आणि दोन धाग्यांमुळे ती किंचित ताठ असते. हा दोन सौंदर्यदृष्टींमधील भेद आहे. १९८० च्या दशकात हॅरिएट हारग्रेव यांनी दाते खाली घेऊन, कापड दोन्ही हातांनी मोकळेपणाने फिरवीत, पारदर्शक धाग्याने यंत्राची थरशिवण करण्याचे तंत्र शिकविले. यंत्र येथे पेन्सिलीसारखे स्थिर असते आणि कागदच फिरविला जातो. या तंत्राला सराव लागतो. हात व पाय यांच्या गतीचा मेळ न बसल्यास टाके कोठे लांब, कोठे आखूड पडतात.

केंटकीतीलच पडूका येथे अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीचे वार्षिक प्रदर्शन भरते. १९८९ साली तेथील सर्वोच्च पारितोषिक कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणावरील क्विल्टला मिळाले. यंत्राने थरशिवण केलेल्या क्विल्टला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. अनेकांच्या भुवया उंचावल्या. तथापि त्यानंतर यंत्राच्या कामाला दुय्यम ठरविणे परीक्षकांना कठीण होत गेले.

थरशिवणीसाठी पसंतीची यंत्रे

थरशिवणीसाठी आवडती ठरलेली यंत्रे निराळी आहेत. स्वित्झर्लंडच्या बर्निना कंपनीची यंत्रे, आणि त्यांतही हाताच्या वेगाप्रमाणे टाक्याची लांबी सारखी राखणारे उपकरण, अनेकींना प्रिय आहे. जर्मनीच्या फाफ कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस वरचे कापडही खालच्याबरोबर पुढे सरकविणारी रचना यंत्रातच बसविली. तीन थर घसरू नयेत म्हणून ती उपयुक्त ठरते. जपानच्या ज्युकी कंपनीने तर केवळ सरळ टीप घालणारी, मिनिटाला १,५०० टाक्यांपर्यंत धावणारी आणि सुईच्या उजवीकडे ऐसपैस जागा असलेली यंत्रे खास याच वर्गासाठी आणली. नक्षीच्या टिपा वगळून यंत्र अधिक चांगले करण्याचा हा मार्ग फेदरवेटच्या मार्गाशी जुळणारा आहे.

१९८० च्या दशकापासून लाँगआर्म यंत्रांचा प्रसार झाला. यात क्विल्ट चौकटीवर ताणून बसविलेला असतो आणि यंत्रच रुळांवर पुढे-मागे सरकते. अशा यंत्राची किंमत मोटारगाडीशी स्पर्धा करते आणि त्याला एक खोली लागते. ज्या स्त्रीने ते विकत घेतले, तिने साहजिकच इतरांच्या क्विल्टची थरशिवण मोबदला घेऊन करावयास सुरुवात केली. दर बहुधा चौरस इंचावर ठरतो. शेजारणींनी चौकटीभोवती बसून फुकट केलेले काम येथे घरगुती व्यवसाय झाले. १९३३ मध्ये ज्यांची नावे लपविली गेली, त्याच कामाला आता दरपत्रक आणि स्वतःचे नाव मिळाले आहे. मोठ्या स्पर्धांच्या नियमांनीही या बदलाची दखल घेतलेली दिसते. हाताने केलेली थरशिवण, एका जागी स्थिर असलेल्या यंत्राने केलेली थरशिवण आणि सरकत्या यंत्राने केलेली थरशिवण यांचे विभाग वेगळे ठेवले जातात. आणि वरचा थर एकीने जोडला व थरशिवण दुसरीने केली असेल, तर प्रवेशपत्रात दोघींची नावे द्यावी लागतात.